बाबांच्या डाव्या हाताचा कीबोर्ड

लकवा मारला त्यानंतर बाबांकडे एकच शब्द उरला. "चला." तहान लागली तरी चला, कूस बदलायची असली तरी चला, उजेड डोळ्यांवर येत असला तरी चला. काशीत, मणिकर्णिकेच्या स्मशानघाटापासून चार गल्ल्या अलीकडे आमचं घर. तिथे अंथरुणावरच्या माणसाने दिवसभर चला चला म्हणावं, हे आईला सोसायचं नाही. ती पदराने हात पुसत यायची आणि म्हणायची, "अहो, दुसरं काहीही म्हणा. हे नका म्हणू." बाबा तिच्याकडे बघायचे आणि अगदी मऊ आवाजात म्हणायचे, "चला."

ते गणिताचे मास्तर होते. सगळी हयात इंटर कॉलेजातल्या मुलांना हिंदीतून बीजगणित शिकवलं आणि घरी आमच्याशी मराठीतून भांडले. आता उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, बोलणं गेलं होतं, आणि दोन्ही डोळ्यांना उजव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. ताटात उजवीकडे वाढलेली भाजी त्यांच्यासाठी नव्हतीच. ताट फिरवलं की मग ती त्यांना सापडायची. डॉक्टरांना मी विचारलं, आम्ही बोलतो ते त्यांना समजतं का? ते म्हणाले, "समझ कितनी बची है, अभी कोई नहीं बता सकता." मी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. 'आत्ता सांगता येत नाही' हे उत्तर मी वर्गात खूपदा दिलं आहे. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं ते तेव्हा कळलं.

आम्ही लहान असताना बाबांनी एक छोटा काळा संगणक घेतला होता. विलायतेहून परतलेल्या कुणीतरी तो आणला होता. करड्या रबराची बटणं, पडदा म्हणजे घरचा टीव्ही, आणि प्रोग्राम कॅसेटवर. त्याची एक गंमत होती. एका बटणावर एक अख्खा शब्द असायचा. पी दाबलं की प्रिंट असा सगळा शब्द उमटायचा, जी दाबलं की गो टू. रविवारी सकाळी बाबा मांडी घालून टीव्हीसमोर बसायचे आणि मी नि दादा त्यांच्या दोन बाजूंना. पुढे एका पावसाळ्यात घरात सीलन, ओल, आली आणि ते यंत्र कायमचं मुकं झालं.

दादा पुण्याला असतो. त्याने इंटरनेटवर त्या संगणकाची छोटी प्रतिकृती शोधली आणि पाठवून दिली. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी. टीव्हीला जोडली की हुबेहूब तोच पांढरा पडदा, तीच खाली लुकलुकणारी चौकट. फक्त बटणं खोटी होती. झाकणावर ओतून काढलेले उंचवटे नुसते, वर अक्षरं आणि शब्द छापलेले.

"साधा कीबोर्ड जोड ना त्याला," दादा फोनवर म्हणाला. "मागे भोक आहे बघ."

जोडला. बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डावा हात उचलला, कीबोर्डाच्या डाव्या अर्ध्या भागावरून फिरवला आणि खाली ठेवला. उजवा अर्धा त्यांच्या लेखी नव्हता. ताटासारखा फिरवून तरी काय करणार? त्यांनी तो हलकेच बाजूला सारला आणि खोट्या बटणांच्या त्या छोट्या यंत्रावर बोट ठेवलं. प्रिंट लिहिलेल्या उंचवट्यावर. दाबलं. पडद्याकडे बघितलं. परत दाबलं.

"चला," ते म्हणाले.

मी त्याच दिवशी ठरवलं की ही बटणं खरी करायची. सबंध यंत्र त्यांच्या एका हाताखाली मावत होतं आणि त्यांना जेवढं दिसत होतं तेवढ्यात अख्खं दिसत होतं. अवघड असं काही नव्हतं. चाळीस बारीक स्विच, आडव्या-उभ्या तारांची एक जाळी, आणि कुठलं बटण दाबलं हे संगणकाला सांगणारा एक छोटा बोर्ड. असली जाळी मी दरवर्षी फळ्यावर काढते.

पण पहिल्या दिवसापासून मला त्याची भीती वाटत होती.

आधी वाटलं ही हात चुकण्याची भीती आहे. झाकणातून एकेक बटण बारीक करवतीने कापून सुटं करायचं होतं, कारण शब्द त्यांच्यावरच छापलेले होते. एक जरी तडकलं तर दुसरं मिळणार नव्हतं. रविवारी दुपारी खिडकीशी बसून मी कापायला घेई आणि तळहाताला इतका घाम येई की करवत निसटे. सोल्डरचे जोड नीट बसत नसत. कॉलेजात असताना माझे जोड बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या, आणि आता तार जागेवर धरवत नव्हती. आई दारातून बघायची.

"परेशान होतेस तर राहू दे ना गं," ती म्हणायची.

"होईल."

"झाल्यावर ते बोलतील का त्याच्यावर?"

मी परत करवत हातात घ्यायची. कारण खरी भीती तीच होती. आज बाबा गप्प होते त्याला कारण होतं: जीभ चालत नव्हती, उजवा हात चालत नव्हता. कीबोर्ड तयार झाला की त्यांच्या हाताशी वाट असणार होती. मग त्या वाटेने काहीच बाहेर आलं नाही तर? मग आम्हाला कळून चुकलं असतं की आत कोणी नाही. तोवर आई त्यांच्याशी दिवसभर बोलत होती. भाजी महागल्याचं, कोणाच्या मुंजीचं, दशाश्वमेध घाटावर नागपूरकडची माणसं आली होती त्यांचं. तिला धरून होती ती एवढीच गोष्ट, की ते ऐकतायत.

बटणं बसवायला एक पातळ, भोकं पाडलेली पट्टी हवी होती. गंगेपलीकडे रामनगरला पाट्या आणि ट्रॉफ्या करणारं एक दुकान आहे, त्याच्याकडे कापायचं मशीन होतं. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी मी तिकडे गेले. मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. पट्टी घेऊन बाहेर पडले आणि बघते तर आईचे एकामागून एक चुकलेले फोन.

मी लावला. कोणी उचलेना. परत लावला. वाजून वाजून बंद झाला.

ऑटो पुलावर येऊन अडकला. पुढे ट्रक, मागे ट्रॅक्टर, मध्ये कोणाची तरी वरात. ऑटोवाला खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला. मी फोन लावत होते. शेजाऱ्यांना लावला, तोही कोणी घेईना, आणि शेजारी फोन घेत नाहीत म्हणजे ते आमच्याच घरी असणार, हे मला तेवढ्यात सुचलं. गल्लीत माणसं जमली असतील. कोणी बांबू आणायला गेलं असेल. मला आईचा चेहरा दिसत होता आणि मांडीवर ती पट्टी होती, तिची भोकं मी बोटांनी चाचपत होते. खाली गंगा होती. मी त्या बाजूला बघितलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी उतरून मी धावले. घरात शिरले तर खरंच माणसं होती. पण बाबा पलंगावर होते, कपाळाला खोक, त्यावर हळद दाबलेली, डोळे उघडे. आई त्यांच्या पायाशी बसून रडत होती.

माकड आलं होतं. खिडकीची जाळी सुटी राहिली होती. आई चौक्यात होती, कुकर शिट्ट्या देत होता, आणि माकड सरळ आत येऊन बाबांच्या पलंगावर बसून बिस्किटं खात होतं. एक पंजा त्यांच्या छातीवर. बाबांना ओरडता येत नव्हतं. ते सरकत सरकत कडेला गेले आणि खाली पडले. तेही कोणाला ऐकू गेलं नाही. आई डाळ खाली उतरवून आली तेव्हा ते फरशीवर होते आणि माकड उशीवर.

"आवाज नाही दिला गं त्यांनी," आई परत परत म्हणत होती. "इतकंसुद्धा नाही. किती वेळ पडले होते कोण जाणे."

त्यानंतर मी काम थांबवलं नाही. भीती गेली नव्हती, उलट दुप्पट झाली होती. पण आता दुसऱ्या बाजूनेही ती ढकलत होती: उद्या त्यांना काही झालं आणि सांगता आलं नाही तर?

होळीच्या सुट्टीत सगळी बटणं बसली. झाकण उघडं ठेवून मी एकेक दाबून पाहिलं. चाळीसच्या चाळीस चालत होती. मग झाकण लावायला घेतलं तर तारांची पट्टी खाचेतून जाईना. उजवीकडच्या काही तारा काढल्या, पट्टी आत सरकवली, तारा परत लावल्या, स्क्रू आवळले. घाईने वरच्या ओळीतले आकडे दाबून बघितले. उमटले. यंत्र उचलून मी बाबांकडे नेलं, कारण आणखी थोडा वेळ थांबले असते तर नेलंच नसतं.

सकाळची वेळ होती. आईने त्यांना उशांना टेकवून बसवलं. मी यंत्र त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवलं आणि टीव्ही लावला.

"बाबा," मी म्हणाले, "आता बटणं खरी आहेत. तुम्हाला काय वाटेल ते लिहा."

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचं बोट हललं. पडद्यावर खाली एक उमटला. मग शून्य. दहा. आईने माझं मनगट घट्ट धरलं. प्रोग्रामची पहिली ओळ दहापासून सुरू व्हायची, हे मला आठवलं.

मग त्यांनी आणखी एक बटण दाबलं आणि दहा पुसला गेला. पडदा कोरा.

परत एक, शून्य. परत एक बटण. परत कोरा.

परत.

परत.

मी पडद्याकडे बघत होते. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की मेंदूला अशी इजा झालेला माणूस कधी कधी एकच कृती पुन्हा पुन्हा करतो. केस विंचरायला घेतले तर विंचरतच राहतो. त्यात अर्थ शोधू नका, असंही ते म्हणाले होते. दहा, कोरा. दहा, कोरा. बाबांचा चेहरा एकाग्र होता, परीक्षेचे पेपर तपासताना असायचा तसा, आणि ते मला सगळ्यात भयंकर वाटलं.

"राहू दे आता," मी आईला म्हणाले. "दमले असतील." मला यंत्र त्यांच्या हातातून काढून घ्यायचं होतं. टीव्ही बंद करायचा होता.

आई पडद्याकडे बघतच नव्हती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून ती बाबांच्या हाताकडे बघत होती.

"तू त्यांना पुसायला कुठलं बटण दिलंयस?" तिने विचारलं.

"पुसायला? वर आहे. का?"

"ते तर या टोकाच्या बटणावर बोट ठेवतायत. दर वेळी तिथेच. पी लिहिलंय."

मी वाकून बघितलं. एक. शून्य. मग बोट सावकाश उजवीकडे सरकलं, त्यांना जेमतेम दिसत असेल अशा कडेला, आणि पी वर टेकलं. प्रिंट. पडदा कोरा झाला.

आता मला फक्त एक गोष्ट करायची होती. हात पुढे करून तेच बटण आपण दाबायचं. मला ते होईना. मी दाबलं आणि प्रिंट उमटलं, तर चूक यंत्रात नव्हती. मग चूक कुठे होती ते उघड होतं. चाळीस बटणं मी स्वतः तपासली होती. माझ्या हाताने. मी आईकडे बघितलं. तिला मी काय ठरवते आहे ते माहीत नव्हतं. तिचा चेहरा नुसता उत्सुक होता.

"दाब ना," ती म्हणाली. "बघ काय होतं."

मी एक दाबलं, शून्य दाबलं. डोळे मिटून पी दाबलं. उघडले.

कोरा.

मी खाली फरशीवर बसले. आई घाबरली. "काय झालं? बिघडलं का?"

"बिघडलंय," मी म्हणाले, आणि मला इतकं हसू यायला लागलं की बोलता येईना. "आई, बिघडलंय! माझ्याकडून बिघडलंय!"

झाकण लावताना मी दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. उजवीकडच्या दोन ओळी एकमेकींच्या जागी गेल्या होत्या. पी दाबलं की एंटर लागत होतं. नुसता आकडा लिहून कोरी ओळ पाठवली की ती पुसली जाते, एवढंच. बाबा दर वेळी बरोबर होते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होते, कारण ती बरोबर होती आणि यंत्र ऐकत नव्हतं.

स्क्रू उघडून तारा बदलायला फार वेळ लागला नाही. बाबा तोवर वाट बघत बसले. मी परत यंत्र त्यांच्या हाताखाली ठेवलं. एक, शून्य, पी. प्रिंट उमटलं. त्यांनी घशातून एक आवाज काढला, तो चला नव्हता.

पुढे मात्र सोपं नव्हतं. त्यांनी अवतरण चिन्ह शोधलं, ते दोन बटणं एकदम दाबून येतं. अंगठा एकावर आणि बोट दुसऱ्यावर असं त्यांनी जमवलं. मग अक्षरं. चुकीची यायची, पुसायचे, परत चुकायचे. एकदा नुसताच 'टी' अक्षराचा ढीग झाला. हा दोष यंत्राचा नव्हता, मी बघितलं. शेवटी बी, एच, आय, टी, आय. अवतरण चिन्ह. दुसरी ओळ, वीस, गो टू दहा, म्हणजे फिरून पहिल्या ओळीवर. मग रन. तो जुना रविवारचा खेळ. सगळा पडदा वरपासून खालपर्यंत त्या एका शब्दाने भरून गेला.

"भिंती?" आई म्हणाली आणि मागे वळून भिंतीकडे बघायला लागली. "भिंतींना काय झालं? सीलन आलीय तीच म्हणताय का?"

बाबांनी डावा हात पलंगावर आपटला.

"भीती," मी म्हणाले. "बाबा, भीती?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं म्हणून ते एकाच गालावरून नीट ओघळत होतं. इतके महिने मी घाबरले होते, आई घाबरली होती, आम्ही चौक्यात कुजबुजून एकमेकींना धीर देत होतो. ते घाबरलेले असतील असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

"कशाची?" आई त्यांच्या जवळ सरकली. "माकडाची? जाळी पक्की केलीय हो मी."

त्यांनी परत लिहायला घेतलं. या वेळी फार वेळ लागला. जे, आय, एन, ए.

आईने अक्षरं जोडून वाचली आणि तिचा चेहरा पांढरा झाला. आम्ही घरात मराठी बोलतो, पण आयुष्य हिंदीत गेलं आहे. "जीना," ती पुटपुटली. "जगायची? जगायची भीती वाटते तुम्हाला?"

मलाही क्षणभर तेच वाटलं. मग बाबांनी डावा हात उचलला आणि दाराकडे केला. दाराबाहेर. खाली.

जिना.

आमचा जिना जुन्या काशीतल्या सगळ्या घरांसारखा आहे, उभा, अंधारा, एका माणसाच्या रुंदीचा. व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असलं की दोन माणसं बोलावून बाबांना खुर्चीत बांधून आम्ही खाली उतरवायचो. तोंड पुढे करून. प्रत्येक वेळी ते चला चला करत डाव्या हाताने भिंत धरायला बघायचे आणि आई त्यांचा हात सोडवून मांडीवर ठेवायची, खरचटू नये म्हणून. आम्हाला वाटायचं, त्यांना निघायची घाई झाली आहे.

"जिन्याची भीती वाटते?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि उशीवर मान टाकली. इतकं थकलेलं आणि इतकं मोकळं मी त्यांना त्या दिवसांत पाहिलं नव्हतं. आई त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि मला म्हणत होती, "बघ, सगळं ऐकत होते. मी सांगत नव्हते तुला?"

खालच्या खोलीत सामान भरलेलं होतं, ते आम्ही त्याच आठवड्यात हलवलं. बाबांना शेवटचं खाली नेलं ते पाठ पुढे करून, आणि मी समोर त्यांचा हात धरून एकेक पायरी उतरत होते. आता ते खालीच असतात. व्यायाम शिकवणारा घरी येतो. खिडकीतून गल्ली दिसते, खिडकीच्या जाळीला दोन कड्या आहेत. टीव्ही त्यांच्या डावीकडे ठेवला आहे. दादा महिन्यातून एकदा फोन टीव्हीसमोर धरायला सांगतो आणि बाबा त्याच्यासाठी काहीतरी उमटवतात, कधी लागतं, कधी नाही. व्हीचं बटण अडकतं. एकदा एल तुटला होता, तो मी परत बसवला.

बाबा पूर्वीसारखे झालेले नाहीत. दिवसाला एक शब्द, कधी तोही नाही. काही शब्द अर्धे येतात. आणि भीती आहेच. शाळेतून आले की मी त्यांच्याकडे बघायच्या आधी पडद्याकडे बघते. परवा तिथे के, ए, एल, ए असं होतं. आईने केळं आणून दिलं, त्यांनी मान फिरवली. काळा कोट दाखवला. उद्याचं काही म्हणताय का, कल, असं विचारलं. गोपाळकाला म्हणून बघितलं, कळा येतायत का म्हणून पोट दाबून बघितलं. दर वेळी हात पलंगावर आपटला. काल त्यांनी तेच पुन्हा लिहिलं.

आणखी एक अर्थ निघतो. काळ. आईलाही तो सुचला असावा, कारण चहा गाळताना ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. आज संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून विचारणार आहे.